प्रसेनजीतला आलेला वेग

प्रसेनजीत कांबळे हा माणूस हळू होता, आणि याबद्दल कॉलनीत दुमत नव्हतं. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो संध्याकाळी द्यायचा, तेही प्रश्न काय होता ते पुन्हा एकदा विचारून. जेवायला बसला की बाकीच्यांची ताटं धुऊन पालथी पडायची, तरी हा दुसऱ्या भाकरीचा पापुद्रा सोडवत बसलेला असायचा.

पण त्याच्या धंद्याला हेच लागत होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप होतं. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, साचा उमटवायचा आणि मग त्यात रस ओतायचा. नमुना केसभर चुकला तर पुढचं टनभर लोखंड चुकतं. प्रसेनजीत कानस एकदा फिरवायचा, डोळे बारीक करून बघायचा, चहा प्यायचा आणि मग दुसऱ्यांदा कानस फिरवायचा. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "झालं काय?" हा म्हणायचा, "होतंय की." गिऱ्हाईक शिव्या देत जायचं आणि पुढच्या कामाला पुन्हा त्याच्याकडंच यायचं.

त्याची बायको क्रांती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिचं सगळं उलटं होतं. ती बोलायला लागली की वाक्याचा शेवट दारातून बाहेर पडल्यावर ऐकू यायचा. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. मुलगी श्रुती पुण्यात शिकत होती. घरात ही दोघं आणि प्रसेनजीतची आई मीनाबाई. घराचं गाडं असं चाललं होतं की एकटी क्रांती ओढायची आणि प्रसेनजीत वजन धरून बसायचा. त्यामुळं ते कधी उधळलं नव्हतं.

थंडी पडायला लागली त्या सुमाराला एका रविवारी क्रांती उठून स्वयंपाकघरात आली, तर सगळे डबे खाली काढलेले, फळ्या पुसलेल्या आणि प्रसेनजीत स्टुलावर चढून पंख्याची पाती घासत होता. अंगात नुसता बनियन.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठं काय. झोप झाली. म्हटलं, बसून काय करायचं?"

क्रांती स्वेटरची बटणं लावता लावता थांबली. बसून काय करायचं, हा प्रश्न या माणसाला आजवर एकदाही पडलेला नव्हता.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. प्रसेनजीत भल्या पहाटे उठायला लागला. गाणी म्हणायला लागला, तीही अर्धं एक आणि अर्धं दुसरं. भाकरीवर भाकरी खायला लागला. मीनाबाई भाकऱ्या थापता थापता दमून म्हणाली, "ह्येच्या पोटात काय फौंड्रीची भट्टी पेटलीया काय? मी दोनदा पीठ मळलो, तरी ह्येचं आपलं वाढ की वाढ." आणि एवढं खाऊन माणूस वाळत चालला होता. पँट पट्ट्यानं आवळून सुद्धा कमरेवर राहीना. शर्ट खांद्यावरनं ओघळायला लागले, म्हणून त्यानं नवे आणले. त्यातला एक पोपटी होता. आजवर त्याच्या कपड्यांत राखाडी सोडून रंगच आला नव्हता.

रात्री पंखा पाचावर. क्रांती दोन चादरी आणि सासूची वाकळ घेऊन कुडकुडायची आणि हा उघडा बसून घाम पुसायचा. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, त्यात आई पोराला आंघोळ घालत होती, तर याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीनाबाईनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

शेजारच्या विजयसिंह पाटलांची जीप गेली कित्येक वर्षं कांबळ्यांच्या फाटकासमोर उभी राहायची. प्रसेनजीत रोज तिला वळसा घालून अंग चोरून बाहेर पडायचा. एक दिवस सकाळी सहालाच त्यानं पाटलांची बेल दाबली आणि उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली. भांडला नाही. नुसता बोलला. फाटक म्हणजे काय, रस्ता म्हणजे काय, जीप कुणाची, जागा कुणाची, गाडी लावण्याचं शास्त्र काय. विजयसिंहांना मध्ये तोंड घालायला जागाच मिळेना. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "प्रसेनराव, गाडी काढतो. खरं आता तुमी च्या घ्या आणि जरा दम घ्या."

दोघांनी चहा घेतला, आणि त्या चहातून दोस्ती झाली. दुसऱ्या दिवसापासून दोघं रंकाळ्याला फेऱ्या मारायला जायला लागले. आठवड्याभरानं विजयसिंह चालायचे आणि प्रसेनजीत पळायचा. मग बेत ठरला की पाटलांच्या मित्रमंडळींबरोबर कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंत चालत जायचं.

सुरुवातीला क्रांतीला मजा वाटली. नवरा बोलतोय, हसतोय, ताट स्वतः उचलतोय. पण हळूहळू तिच्या डोक्यात एक किडा शिरला. झोप नाही. डोळ्यांत निराळीच चमक. बारीक झालाय. गाणी म्हणतोय. पोपटी शर्ट. आणि वरचेवर एक नाव कानावर पडतंय. "स्वप्नाली मॅडमचा फोन आलता." "स्वप्नाली मॅडमचं काम घाईचं हाय." वीस वर्षांत या माणसाला कुणाचंही काम घाईचं वाटलेलं नव्हतं.

क्रांती शिकलेली बाई होती. संशय घेणं बरं नाही हे तिला कळत होतं. म्हणून तिनं संशय घेतला नाही, नुसती कॉलेज सुटल्यावर वाट वाकडी करून वर्कशॉपात गेली.

आत पाच-सहा पॅटर्न एकदम मांडले होते आणि प्रसेनजीत एकाकडून दुसऱ्याकडं नाचत होता. घामानं पोपटी शर्टाचा रंग गडद झाला होता. दाराशी डोक्यावर हेल्मेट आणि बुटांवर काळी वाळू अशी एक तिशीच्या आतली मुलगी उभी होती. शिरोलीच्या एका फौंड्रीत इंजिनिअर असलेली स्वप्नाली हीच. तिनं क्रांतीला ओळखून बाजूला घेतलं.

"वहिनी, एक बोलू का? सरांचा पॅटर्न आला की आमी मोजतबी न्हाय. एवढा भरवसा. ह्या वेळी सहज मोजला, तर दोन मिलिमीटरनं बारीक. असं कधी झालं न्हवतं. त्यांचा हात बघितलासा काय? थरथरतोय. मला लई काळजी वाटाल्या त्यांची."

खरं तर मुलगी शहाणपणाचं बोलत होती. पण क्रांतीच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं अडकलं. हिला काळजी का वाटावी? ती रिक्षात बसून घरी आली आणि त्या संध्याकाळी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं. प्रसेनजीतनं ती आमटी तीन वाट्या ओरपली.

दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात 'नियंत्रण आणि समन्वय' हा पाठ होता. क्रांतीचा हा लाडका पाठ. शरीराला सांभाळणारी दोन खाती आहेत, असं ती दरवर्षी सांगायची. चेतासंस्था फोन करते. तव्याला बोट लागलं की मणक्यापर्यंत वर्दी जाते, हात मागं येतो, आणि भाजलं हे मेंदूला मागाहून कळतं. काम झालं की फोन ठेवला. अंतःस्रावी ग्रंथी मात्र फोन करत नाहीत. त्या नळाच्या पाण्यात औषध सोडल्यासारखं रक्तात संप्रेरक सोडतात. ते गावभर जातं, घराघरांत पोचतं, आणि त्याचा परिणाम दिवसच्या दिवस राहतो.

मग ती दरवर्षीचा प्रश्न विचारायची, म्हणजे पोरं जागी होतात. तिनं तो आजही विचारला, पण आवाजात नेहमीची फिरकी नव्हती. "प्रेमात पडल्यावर माणसाला काय काय होतं?"

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरनं आवाज यायला लागले. झोप उडते. छाती धडधडते. हात थरथरतात. घाम येतो. जेवण जात नाही. क्रांती एकेक फळ्यावर लिहीत गेली. लिहिताना तिला स्वतःच्या घराचा पंचनामा केल्यासारखं वाटत होतं.

"बरं. ही झाली घाबरल्यावरची आणि प्रेमातली गडबड. मेंदू इशारा देतो, अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. आता दुसऱ्या बाजूला लिहून घ्या. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी. आपलं शरीर किती जोरात चालवायचं ते ही ठरवते. ती बेफाम झाली तर काय होतं?" पाठ असलेलं ती हातानं लिहीत गेली. झोप उडते. छाती धडधडते. हात थरथरतात. घाम येतो, उकाडा सहन होत नाही. चिडचिड, रडू, बडबड. भूक वाढते, आणि तरीही वजन घटतं.

'घटतं'वरचा अनुस्वार द्यायचा राहिला. खडू हवेतच थांबला.

तिनं डावीकडं बघितलं. जेवण जात नाही. उजवीकडं बघितलं. भूक वाढते. तिच्या डोळ्यांसमोर भाकऱ्यांची चवड आली, पाचावर फिरणारा पंखा आला, खारट आमटीच्या तीन वाट्या आल्या. वीस वर्षं ती हा फळा भरत होती. पोरांना तोंडी परीक्षेत हेच विचारून घाम फोडत होती. आणि हा फळा गेले दीड महिने तिच्या घरात पोपटी शर्ट घालून हिंडत होता.

"मॅडम, पुढं काय लिहायचं?" कुणीतरी विचारलं.

क्रांती हसायला लागली. हसता हसता तिला वाईट वाटलं, कारण नवरा आजारी आहे हे कळल्यावर बाईनं हसू नये. पण हसू आवरेना. तिनं उरलेला पाठ वाचून घ्यायला सांगितला आणि तास संपायची वाट न बघता निघाली.

घरी मीनाबाई शेंगा फोडत बसली होती. क्रांती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आत्ती, लफडं न्हाय. थायरॉईड हाय."

मीनाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ही कुणाची म्हणं? आपल्यातली हाय का भायली?"

क्रांतीनं तिला सगळं समजावून सांगितलं. मीनाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "व्हय, मलाबी तसंच वाटालतं." तिला नेमकं काय वाटत होतं, थायरॉईड की लफडं, हे तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी प्रसेनजीत आला, तसा क्रांतीनं त्याला उजेडात खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि घोट घ्यायला लावला. पेला दातांवर किणकिणला. घोट गिळताना गळ्याच्या खालच्या बाजूला एक हलकीशी सूज वर गेली आणि खाली आली. तिनं नाडी धरली. मनगटात जणू शिवणयंत्र चालू होतं.

"उद्या रक्त तपासायचं."

"मला काय झालंय? आयुष्यात एवढं बरं वाटलं न्हवतं मला."

"तेच तर झालंय तुमाला."

राजारामपुरीतल्या डॉक्टर तेजस्वी शिंद्यांनी रिपोर्ट बघून मान हलवली. "मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. ती थायरॉईडला सांगते, वाढव, कमी कर. तुमच्यात तिनं सांगायचंच बंद केलंय, कारण थायरॉईड आधीच बेसुमार सोडत सुटली आहे. तुमच्याच रक्तातले काही सैनिक तिला चुकून टोचण्या देतायत. औषधानं आटोक्यात येतं. एक गोळी ग्रंथीसाठी, ती सावकाश काम करेल. दुसरी हृदयाची धडधड आणि थरथर कमी करायला. तोवर पळणं, चढणं बंद."

प्रसेनजीतनं रिपोर्ट उलटा करून मागची बाजूही बघितली. मग त्यानं विचारलं, "म्हंजे डॉक्टर, पाटलांच्या दारात जे बोललो, ते मी न्हाय बोललो?"

"तुम्हीच बोललात. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवर दुसऱ्याच कुणाचा पाय होता."

हे उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. घरी येऊन तो पहिल्यांदाच क्रांतीवर चिडला. "पन्नाशी जवळ आली माझी. आजवर लोक मला काय म्हणायचे, म्हाईत हाय की तुला. आता कुठं मी कायतरी हाय असं वाटालंय, तर तुमी म्हणालायसा, हा रोग हाय. मी गोळ्या घेतो, खरं पन्हाळा झाल्यावर."

क्रांतीनं समजावलं, धमकावलं, श्रुतीला फोन लावून दिला. श्रुतीचंही त्यानं ऐकलं नाही. रविवारी पहाटे तो पोपटी शर्ट घालून विजयसिंहांबरोबर निघून गेला. गोळ्यांची पाकिटं टेबलावर तशीच होती.

सपाटीवर तो सगळ्यांच्या पुढं होता. चढ लागला आणि पहिल्या मोठ्या वळणावर त्याच्या छातीत कुणीतरी ताशा बडवायला लागलं. ताशाला ताल असतो, याला तोही नव्हता. पाय मेणाचे झाले. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि त्याला वाटलं, आपण इथंच मरणार, तेही पोपटी शर्टात. मागून विजयसिंह धापा टाकत आले. त्यांनी याचं तोंड बघितलं आणि समोरून येणारी गाडी हात करून थांबवली.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, शिरेतून औषध दिलं, आणि दुपारपर्यंत ताशा थांबला. क्रांती खाटेशेजारी बसून होती. तव्याला बोट लागलं की हात आपोआप मागं येतो. इथं तर हात मागं घ्यायला जागाच नव्हती. तिनं तो त्याच्या हातावर ठेवला.

"टेबलावर हायत न्हवं गोळ्या?" तो म्हणाला.

"पिशवीत आणल्यात."

"दे."

थरथर आठवड्याभरात कमी झाली. बाकीचं उतरायला पावणेदोन-दोन महिने गेले. पंखा पाचावरून तीनवर आला, तीनवरून बंद झाला. भाकऱ्या दोनावर आल्या. पहाटेची गाणी विरळ होत होत थांबली. एक दिवस क्रांतीनं सकाळी विचारलं, "श्रुतीला किती पाठवायचं?" आणि संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "कशाचं म्हणालतीस?"

मीनाबाई चुलीपाशी वळून म्हणाली, "झालं. पोरगं पुन्हा गप झालं. दोन म्हैने तेवढं घर भरल्यासारखं वाटालतं." क्रांतीलाही तसंच वाटत होतं, पण जीवशास्त्राच्या बाईनं असं बोलणं बरं दिसलं नसतं.

स्वप्नालीचा पॅटर्न त्यानं नव्यानं केला. बारा दिवस घेतले. तिनं तो न मोजताच नेला.

मार्चमधल्या तपासणीत रिपोर्ट जवळपास बरोबर आले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" प्रसेनजीतनं एवढा वेळ विचार केला की बाहेरच्या पेशंटनं दार ढकलून आत डोकावलं.

"बरं हाय," तो म्हणाला. "खरं डॉक्टर, त्यातलं थोडं ठेवता येतंय काय? लई न्हाय. रविवारपुरतं."

"येत नाही," डॉक्टर तेजस्वी म्हणाल्या. "ग्रंथीला वार कळत नाही."

त्या रात्री विजयसिंह जेवायला आले होते. येताना त्यांनी जीप स्वतःच्या दारात लावली होती. मटणाचा रस्सा होता. बोलता बोलता पन्हाळ्याचा विषय निघाला, तसं मीनाबाईनं ताटात रस्सा वाढता वाढता सहज सांगून टाकलं, "आवं, आमच्या सुनंला तर वाटलतं, ह्येचं लफडं हाय. त्या फौंड्रीतल्या पोरीसंगं."

क्रांतीला वाटलं, जमीन दुभंगावी. विजयसिंह रश्शातल्या नळीत एकदम गुंतून गेले.

प्रसेनजीतनं घास खाली ठेवला. आईकडं बघितलं, मग क्रांतीकडं बघितलं. नेहमीप्रमाणं ते वाक्य त्याच्या कानापासून आतपर्यंत जायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं. आधी डोळ्यांच्या कडा, मग गाल.

"माझं?" त्यानं विचारलं.

"मग काय," क्रांती तोंड फिरवून म्हणाली. "बारीक झालतासा, गाणी म्हणालतासा. कुणालाबी वाटलं असतं."

"म्हंजे तुला वाटलं, एखादी बाई माझ्यावर भाळंल?"

"वाटलं."

"खरंच वाटलं?"

"व्हय म्हणतोय न्हवं."

प्रसेनजीतनं पाण्याचा घोट घेतला. पेला दातांवर वाजला नाही. मग तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत, इतका वेळ की विजयसिंहांनी काळजीनं नळी खाली ठेवली आणि मीनाबाई क्रांतीला हळूच म्हणाली, "पुन्हा सुटलं काय गं ते?"

क्रांतीनं हात लांब करून त्याचं मनगट धरलं. नाडी संथ होती. तरी तिनं हात लगेच काढला नाही, आणि त्यानंही सोडवून घेतला नाही. डाव्या हातानं भाकरी मोडायचा प्रयत्न करत तो म्हणाला, "आई, रस्सा वाढ की."